दाखवण्याजोगं घर

३ फेब्रुवारी

तुझं पत्र मिळालं. वर मी 'नमस्कार' किंवा 'प्रिय' असं काही लिहिलेलं नाही. ते विसरून राहिलेलं नाही.

लग्नात होते तोवर तुला 'अहो' म्हणत होते. कोर्टाने बाकीचं मोडून दिलं तेव्हा ते 'अहो'ही त्यातच गेलं असं मी धरते. म्हणून 'तू'. राग आला तर कळव, पण लेखी कळव. माझ्या वकिलीणबाईंनी बजावून ठेवलंय की ह्या माणसाशी फोनवर एक अक्षर बोलायचं नाही, जे असेल ते कागदावर. मला ते बरं पडतं. कागदावर तुझा आवाज येत नाही.

तर तुला घर विकायचंय. घर तुझ्या आईंच्या नावावर. मी त्यात राहते ती कोर्टाच्या कृपेने, ते विकलं जाईपर्यंत. आणि तू राहतोस रात्रभराच्या प्रवासावर, नव्या बायकोबरोबर. म्हणजे ज्याला विकायचंय तो इथे नाही, जिचं आहे तिला कोणी विचारलेलं नाही, आणि जिचा काही संबंध उरलेला नाही तिने ते आवरून, पुसून, रंगवून द्यायचं. हे वाक्य मी काल ऑफिसात मनात जुळवत बसले होते. समोर एक गृहस्थ त्यांच्या नळाला पाणी नाही म्हणून ओरडत होते. तक्रार खिडकीवर इतकी वर्षं बसून मला एक कळलंय, ओरडणाऱ्याचं काम आधी होतं. तू कधी ओरडला नाहीस. तू नुसता गेलास.

घर आवरून देईन. तुझ्यासाठी नाही, मलाही इथून बाहेर पडायचंय म्हणून. आईंची सही मात्र तुझी तू मिळव.

आणि दुसरं. तू लिहिलंस, 'आईला निवासाबद्दल तू हळूच सांग, ती तुझं ऐकते.' त्या माझं ऐकतात हा शोध तुला तिकडे बसून लागला? सव्वीस वर्षांत त्यांनी माझं एक ऐकलं नाही, साधं पंखा बंद करा म्हटलेलं नाही. आणि 'निवास' म्हणे. वृद्धाश्रम लिहायला हात अडला का? जागा तू ठरवलीस, पैसे तू भरलेस, तारीखही ठरवलीस, आणि आईला सांगायचं मी. नाही सांगणार. तुझे निरोप पोचवायची माझी नोकरी संपली.

सही करत नाही. अक्षर ओळखशील.

१२ फेब्रुवारी

तू ठरवलेली बाई आली. विकायचं घर सजवून द्यायचं, एवढाच तिचा धंदा. पहिल्याच दिवशी गाडीतून इतक्या उशा उतरवल्या की आईंनी तिचं नाव तिथल्या तिथे 'उशीबाई' ठेवलं. सोफ्यावर उशी मांडली की तिच्या डोक्यावर हाताची एक धार मारते, मधोमध खळगा पडतो. त्याने घर श्रीमंत दिसतं म्हणे. आई म्हणाल्या, माझ्या उशीला तर रोज पडतो, मग आपण कधीचे श्रीमंत आहोत.

बाई वाईट नाही. पण खोलीत शिरली की तिला माणसं दिसत नाहीत, काय हलवायचं तेवढं दिसतं.

पहिल्यांदा फोटो उतरवले. घेणाऱ्याला भिंतीवर स्वतःचं कुटुंब दिसलं पाहिजे, तुमचं नाही, असं तिने समजावलं. तुझा-माझा लग्नातला फोटो अजून बैठकीतच होता, हे तुला माहीत नसेल. आई काढू देत नव्हत्या. मी समजत होते की मला टोचायला ठेवलाय. उतरवल्यावर मागे रंगाचा एक उजळ चौकोन निघाला. रंगाऱ्याने त्यावर दोन हात मारले. मी कामावर उशिरा जायचं कबूल करून शेवटपर्यंत बघत उभी राहिले.

मग तुझ्या वडिलांचं कपाट. ते गेल्यापासून कोणी उघडलं नव्हतं. मी शर्टांच्या घड्या घालून खोक्यात ठेवत होते आणि आई शेजारी बसून त्या मोडून परत घालत होत्या. माझी घडी त्यांना कधी पटलीच नाही. अशी अख्खी सकाळ गेली. संध्याकाळी म्हणाल्या, "तुला फार घाई झालीय." मी म्हटलं, मला नाही, तुमच्या मुलाला. तर म्हणाल्या, "त्याला लहानपणापासूनच घाई. सातव्या महिन्यात आला." ह्यात तुझी बाजू घेतली की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

आईंची मागची खोली रिकामी केली. ती उजेडाची म्हणून उशीबाईने दुसऱ्या कामासाठी हेरून ठेवलीय. त्यांची खाट दोन माणसं उचलून नेत होती तेव्हा आई दारात आल्या.

"माझी खाट कुठे चाललीय?"

"गोदामात, आजी," उशीबाई म्हणाली. "अगदी नीट राहील."

"आणि मला कधी नेणार?"

उशीबाई हसली. तिला तो विनोद वाटला. मला तारीख माहीत होती आणि त्यांना नव्हती.

आता आम्ही दोघी माझ्या खोलीत. त्या पलंगावर, मी खाली. पलंगावर हॉटेलासारखी पांढरी चादर आहे, ती रात्री काढायची, सकाळी ताणून घालायची. जेवणाच्या टेबलावर चौघांच्या ताटल्या कायमच्या मांडलेल्या, त्यांना हात लावायचा नाही, म्हणून आम्ही ओट्याशी उभं राहून जेवतो. आईंची तक्रार आहे की मी झोपेत दात खाते. कोणावर, ते त्यांनी विचारलं नाही.

२० फेब्रुवारी

आई न्हाणीघरात पडल्या. मनगट सुजलंय, मोडलेलं नाही, डॉक्टरांनी बघितलंय. हे आधी सांगते. खरं तर शेवटी सांगणार होते, तुला तेवढा वेळ घाम फुटावा म्हणून.

मागे एकदा त्या तोल जाऊन भिंतीवर आदळल्या होत्या तेव्हा मी तिथे धरायला स्टीलची दांडी बसवून घेतली होती. गुरुवारी कामावरून आले तर दांडी नाही. भिंतीला पडलेली भोकं पांढऱ्या पुट्टीने बुजवून वर हात फिरवलेला, शेजारी खिडकीत तीन मेणबत्त्या आणि बाटलीत एक सुकी काडी. मी विचारायच्या आत आई आत गेल्या होत्या. इतक्या वर्षांची सवय, हात आपोआप तिकडे गेला आणि तिथे काहीच नव्हतं.

मी धावले. त्या ओल्या फरशीवर बसलेल्या, पाय पसरून. मला म्हणाल्या, "आधी नळ बंद कर."

उशीबाईला मी फोनवर काय बोलले ते लिहीत नाही. ती म्हणाली, दांडी दिसली की लोकांना म्हातारपण आठवतं, आणि घर घ्यायला आलेल्या माणसाला म्हातारपण आठवलं की तो मागे फिरतो. मी म्हटलं, घरात म्हातारं माणूस आहे. तर म्हणाली, "पण मी साहेबांना विचारलं होतं. ते म्हणाले, काढा."

ते म्हणाले, काढा.

तुला फोटो पाठवून विचारलं असणार. तू कुठेतरी रांगेत उभा असशील, नाहीतर जेवत असशील, एका हाताने उत्तर लिहिलं असशील. त्या दांडीला कोण धरतं हे तुला आठवलं नसेल असं मानायला मी तयार आहे. मला ते जास्त वाईट वाटतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी प्लंबर बोलावला. नवी दांडी बसवली, आधीपेक्षा जाड, आधीपेक्षा कुरूप, आणि एक दुसरी कमोडशेजारी. उशीबाईने येऊन बघितलं, रडायला लागली, आईंचा हात हातात घेऊन माफी मागितली. आईंनी तिला रडू दिलं आणि मग नाक पुसायला तिच्याच एका उशीचा अभ्रा दिला.

हे तुला कळवायचं नाही असं त्यांनी मला सांगितलंय. म्हणून कळवते.

२८ फेब्रुवारी

तुझं उत्तर आलं. तीन ओळी. एक ओळ मनगटाबद्दल, आणि दोन ओळी ह्याबद्दल की लोक घर बघायला येतील तेव्हा आईने घरात नसावं, घरात मलमाचा वास असतो. उत्तराबद्दल आभार. तुझ्या मनात कशाला किती जागा आहे, ते मोजायला सोपं गेलं.

मागची खोली तयार झाली. तिथे उशीबाईने लहान मुलाची खोली मांडलीय. बुटका पलंग, त्यावर निळी चादर, भिंतीला टेकून लाकडी जिराफ, खिडकीत पृथ्वीचा गोळा, दाराला खुंट्या, खुंटीवर इवलासा रेनकोट. रेनकोट कोणाचा म्हणून मी विचारलं. "कोणाचाच नाही, दुकानातला आहे. मूल बाहेरून नुकतंच आत आलंय असं वाटलं पाहिजे."

आईंच्या आधी त्या खोलीत आपण काय ठेवणार होतो ते तुला आठवत असेल. नसेलही. मी तिथे सात वर्षं इस्त्रीचं टेबल ठेवलं, कोणी विचारलं तर खोलीला काहीतरी नाव असावं म्हणून. मग तुझे वडील गेले आणि आईंनी ती घेतली, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं. आता परत दार उघडं आहे आणि आत दिवा लावलेला आहे, दिवसासुद्धा, कारण दिवे लावून ठेवायचे असतात.

शनिवारी पहिली मंडळी आली. दलालाने आम्हाला दोघींना बाहेर पाठवलं. समोरच्या बागेत बाकावर बसलो. तिथून आपली गॅलरी दिसते. अनोळखी माणसं एकेका खिडकीत येऊन जात होती, कोणी पडदा ओढून बघत होतं.

आई म्हणाल्या, "ती बाई आली होती."

"कोण बाई?"

"तुमच्या त्या निवासातली. तू ऑफिसात होतीस. चहा दिला मी तिला."

त्या सांगत गेल्या. बाई फार गोड बोलणारी. सवयी लिहून घ्यायला आली होती. किती वाजता उठता, रात्री दिवा लागतो का, गोळ्या कोणत्या, कशाने चिडचिड होते.

"मग काय सांगितलंत?"

"सांगितलं, सुनेने."

कधी आली होती म्हणून विचारलं. भिंतींना रंग लागायच्या आधी. म्हणजे शर्टांच्या घड्या परत घातल्या तेव्हा त्यांना माहीत होतं. खाट गेली तेव्हा माहीत होतं. "मला कधी नेणार" हे त्यांनी उशीबाईला विचारलंच नव्हतं, मला विचारलं होतं. मी म्हटलं, मग बोलला का नाहीत?

"तो स्वतः सांगतो का ते बघत होते." आणि मग, "तू पण सांगितलं नाहीस. एरवी वाईट बातमी घेऊन धावत येतेस."

तुला लिहिलं ते त्यांना सांगता आलं असतं, की निरोप पोचवायची माझी नोकरी संपली. पण ते तुझ्यासाठी शोभतं. त्यांच्या तोंडावर ते जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं.

पुढचं मी का बोलले ते मला विचारू नकोस. मी म्हटलं, मी दोन खोल्यांची जागा बघतेय, ऑफिसच्या बाजूला. वाक्य तिथेच ठेवलं. पुढचं त्यांनी घ्यायचं होतं. त्या गॅलरीकडे बघत म्हणाल्या, "मी पण बघतेय."

म्हणजे त्या खिडक्यांकडे.

९ मार्च

आज लिहिते ते नीट वाच. उभ्या उभ्या वाचू नकोस.

काल एक जोडपं आलं. तो चष्म्याच्या दुकानात आहे, ती शाळेत शिकवते, पोट दिसायला लागलेलं. दलालाने नेहमीप्रमाणे आम्हाला बागेत जायला सांगितलं. आई म्हणाल्या, माझे गुडघे दुखतायत, मी माझ्या घरात बसणार. आणि सोफ्यावर उशांच्या मधोमध बसल्या. मलाही बस म्हणाल्या. दलालाने कपाळाला हात लावला, तो मी बघितला, आणि मीही बसले.

उशीबाई त्यांना फिरवत होती. मागच्या खोलीत गेले आणि त्या बाईचा आवाज बाहेर आला, "अगं बाई, किती गोड. कोणाची खोली?"

उशीबाई तोंड उघडणार इतक्यात आई उठल्या, भिंतीला धरत दारापर्यंत गेल्या आणि म्हणाल्या, "माझ्या नातवाची."

मी मागोमाग गेले, त्या पडतील म्हणून. खरंच तेवढ्यासाठीच गेले.

"किती वर्षांचा?"

"सहावं चालू आहे. शाळेत गेलाय." त्या बुटक्या पलंगाच्या कडेवर बसल्या आणि बोलत राहिल्या. त्याला 'ळ' म्हणता येत नाही, केळ्याला केलं म्हणतो. पांघरूण कितीही घाला, पाय बाहेर. कुकरच्या शिट्टीला घाबरतो, पण सांगत नाही, त्याच वेळी त्याला पाणी प्यायला जायचं असतं. जिराफाचा एक कान त्याने चावलाय. मी बघितलं, तर जिराफाचा कान खरंच थोडा झिजलेला होता, भाड्याने भाड्याने फिरून. ती बाई हसत होती, पोटावर हात ठेवून. "रडत नाही फारसा," आई म्हणाल्या. "रुसतो मात्र. आईवर गेलाय."

आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्या बाईने विचारलं, "समजूत कशी काढता मग?"

मी म्हणाले, "पलंगाखाली जाऊन बसतो. ओढून काढलं तर आणखी रुसतो."

हे कुठून आलं मला ठाऊक नाही. तो पलंग इतका बुटका आहे की त्याखाली मांजरही जाणार नाही. कोणी वाकून बघितलं नाही.

"मग ही पण खाली फरशीवर आडवी होते," आई म्हणाल्या. "काही बोलत नाही. नुसती पडून राहते, तो बाहेर येईपर्यंत. कामावरून दमून आली असली तरी. मला नसतं जमलं."

सव्वीस वर्षांत त्यांनी माझं केलेलं हे एकमेव कौतुक, आणि ते मी कधी न केलेल्या गोष्टीचं.

त्या बाईने जाताना वडिलांचं विचारलं. आई म्हणाल्या, कामावर असतो. बस्स, एवढंच. तुझी बायको तर त्या गोष्टीत कुठेच नव्हती. तुझा मुलगा आता दोन वर्षांचा होईल. तुझ्या आईला तू तो एकदाही दाखवला नाहीस. तिकडे त्रास नको, इकडे तमाशा नको, असं करत करत दोन वर्षं काढलीस. मग तिने स्वतःचा एक केला, आणि तो माझ्या पोटी घातला. तुला जे दोन्हीकडे जमलं नाही ते तिने एका भाड्याच्या पलंगावर बसून करून दाखवलं.

मंडळी गेल्यावर उशीबाईने निळी चादर ताणून घातली. मग म्हणाली, तुम्ही दोघी माझ्याकडे कामाला या. कोणी हसलं नाही. आई मला म्हणाल्या, चहा टाक. टाकला. साखर जास्त झाली म्हणाल्या.

मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून थोडा वेळ बसले. दांडीला धरून. हे तुला का सांगतेय कोण जाणे. खोडायला हवं होतं, पण शाई आहे.

आज सकाळी दलालाचा फोन आला, त्या जोडप्याला घर हवंय.

२२ मार्च

तुझं पाकीट आलं. रजिस्टर पोस्टाने, आईंच्या नावे, त्यात मुखत्यारपत्र. आईने सही करायची, मग घर विकायचे, पैसे घ्यायचे, जिथे तिथे तिच्या वतीने सही करायचे सगळे अधिकार तुझे. आणि त्याला पिनेने जोडलेला मुलाचा फोटो.

दोन वर्षांत पहिला फोटो. सही हवी तेव्हाच का आला, हे मी विचारत नाही. मी तक्रार खिडकीवर बसते, लोक पेढे देतात तेव्हा मागून काय येणार हे मला वासावरून कळतं.

आईंनी पाकीट फोडलं. चष्मा लावून फोटो खिडकीशी नेला. फार वेळ बघत होत्या. मी पाठमोऱ्या त्यांना बघत होते, खांदे हलतायत का ते. हलले नाहीत. म्हणाल्या, "कान ह्यांचे आहेत." ह्यांचे म्हणजे तुझ्या वडिलांचे. मग त्यांच्या लक्षात आलं की पीन पोराच्या बाहीतून आरपार गेलीय. तू घाईत मारली असशील. टेबलाशी बसल्या आणि नखाने ती पीन एकेका टोकाने उचकून काढली, सुजलेल्या हाताने. मी करते म्हटलं तर हात झटकला. पीन निघाली. फोटो त्यांनी पदराखाली घेतला आणि कागद माझ्याकडे सरकवला.

"फोटो माझा. हा त्याचा, परत पाठव."

तो ह्या पत्रासोबत आहे. कोरा. खालच्या रेघेवर काही नाही, तपासून घे.

दुसऱ्या दिवशी मला दलालाने गाठलं आणि विचारलं, आजींच्या नव्या जागेचा ओटा फार उंच आहे, तुम्ही येऊन बघता का? मी म्हटलं, कोणाची जागा? तेव्हा कळलं. पहिल्या दिवसापासून त्यांनी त्याला कामाला लावलं होतं. हे घर विकायचं असेल तर आधी मला तळमजल्यावर दोन खोल्या शोधून दे, नाहीतर माझी सही विसर. बिचारा तुझ्याशी 'साहेब, साहेब' करत होता आणि जागा आईंसाठी बघत होता. निवासातल्या त्या बाईंनाही आईंनी कळवून टाकलंय, मी येत नाही, आणि माझ्या मुलाला तुम्ही सांगायची गरज नाही, त्यानेही मला सांगितलं नव्हतं.

तू हसत असशील की बघ, तुलाही फसवलं. फसवलं, होय. बागेतलं ते 'मी पण बघतेय' मला तेव्हा कळलं. घरी येऊन मी बरंच बोलले. इतकी वर्षं ह्या घरात कोणासाठी राहिले असं तुम्हाला वाटतं, असंही बोलले, आणि ते बोलायचं नव्हतं. कारण तुला, वकिलीणबाईंना आणि स्वतःला मी नेहमी सांगत आलेय की ऑफिस जवळ पडतं म्हणून राहिले.

आईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुझ्याबरोबर नको. एका घरात आपण दोघी, ते पुरे झालं. तुला मी नकोशी होण्याआधी मला जाऊ दे."

मी म्हटलं, नकोशा तर तुम्ही पहिल्या दिवसापासूनच आहात.

"तेच तर," त्या म्हणाल्या.

१८ एप्रिल

घर विकलं गेलं. आईंनी स्वतः जाऊन सही केली. अंगठा चालेल म्हणणाऱ्या कारकुनाकडे त्यांनी असं बघितलं की तो दुसरं पेन शोधायला उठला. पैसे त्यांच्या खात्यात गेले. त्यांचं काय करायचं ते त्या ठरवतील. तुझ्या वकिलाचं पत्र त्यांना मिळालं, त्यांनी ते मला वाचायला लावलं, आणि यापुढे अशी पत्रं पाठवू नको असं तुला कळवायला लावलं.

त्या शिक्षिका बाईंनी तिथे विचारलं, नातवाला आणलं नाही का? आई म्हणाल्या, "तो दुसऱ्या गावी असतो. मी त्याला अजून बघितलेलं नाही." ती बाई गोंधळली, माझ्याकडे बघायला लागली. मी मान खाली घालून पिशवीत चाव्या शोधत राहिले. आईंनी तिच्या पोटाकडे बघून आशीर्वाद दिला आणि दोन्ही चाव्या तिच्या हातावर ठेवल्या.

उशीबाईने सगळं एका सकाळी नेलं. घर रिकामं झालं तेव्हा आधीपेक्षा लहान दिसत होतं.

मी आईंच्या नव्या जागेपासून दोन गल्ल्या सोडून राहते. मुद्दाम नाही, जागा तिथेच मिळाली. आई म्हणतात, लांब कुठे गेलीस, डोक्यावरच बसलीस. रविवारी जाते. उंच ओटा सुताराकडून कमी करून घेतला तर म्हणाल्या, आता फार खाली गेला. माझ्या चहाबद्दलचं मत बदललेलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जेवून जा म्हणाल्या. बसून जेवलो.

त्यांचा पत्ता तुला द्यायचा नाही असं त्यांनी बजावलंय, आणि ह्या वेळी मी ऐकणार आहे. पण एक सांगते. जागा बदलताना टेलिफोनच्या ऑफिसात गेलो तेव्हा तिथला माणूस म्हणाला, आजी, नवा नंबर घ्या, जुना तिकडे नेण्यात फार भानगडी आहेत. आई बाकावर बसून राहिल्या. जेवायची सुट्टी झाली, संपली, त्या उठल्या नाहीत. शेवटी मोठ्या साहेबांनी करून दिलं. मी चिडले. म्हटलं, त्या नंबरावर चुकीचे फोन सोडून वर्षभरात कोणाचा आलाय?

म्हणाल्या, "त्याला तोच पाठ आहे."

हे माझं शेवटचं पत्र. मला तुझ्याशी काही बोलायचं उरलेलं नाही, आणि तू मला उत्तर पाठवू नकोस.

फोन बाहेरच्या खोलीत आहे. त्या आत असतात आणि उठायला वेळ लागतो. लगेच ठेवून देऊ नकोस. वाजू दे.